बुधवारच्या आधीचा मंगळवार

अंबुजाअक्का गेल्याचं त्यांच्या मुलाने फोन करून सांगितलं. सकाळची कॉफी झाली, पेपर उघडला आणि मान कलली, एवढंच. त्याला आता महिना होऊन गेला… अजूनही त्यांच्याबद्दल ‘होत्या’ असं लिहिताना हात अडखळतो.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईत आले आणि एका छोट्या संस्थेत कामाला लागले. चेन्नईजवळच्या कोवलम गावातल्या मच्छीमार बायकांसाठी उन्हावर मासळी सुकवायची यंत्रं बसवायची होती. यंत्रं डेन्मार्कच्या एका संस्थेची, बायका आमच्या अठरा. त्यांचं म्हणणं तमिळमधून इंग्रजीत सांगायला अक्का होत्या, वेस्ट मांबलमला राहणाऱ्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचं बोलणं मला जुन्या पत्रांतलं वाटे आणि माझं ऐकून त्या म्हणत, “तूं बोलतींस तें रेडियोवालें मराठी गे!”

यंत्रं बसली, मग करोना आला आणि डेन्मार्कच्या पाहुण्यांचं येणं थांबलं. आमचं कोवलमला जाणंही थांबलं. मग दर बुधवारी व्हिडिओवर बैठक ठरली. अडुसष्टाव्या वर्षी अक्का ते सगळं शिकल्या आणि बायकांनाही त्यांनीच फोनवरून शिकवलं. कॅमेरा बंद करायला मात्र त्या हटकून विसरत. त्यांना वांगी चिरताना अख्ख्या डेन्मार्कने पाहिलं असेल.

बैठक चालवायचं काम माझ्याकडे होतं. अठरा घरांतून पोरं, कोंबड्या, टीव्ही आणि अठरा जणींचं एकदम बोलणं… डेन्मार्कहून हे काम पाहणाऱ्या हेन्रिकसमोर मला लाज वाटायला लागली. एका बुधवारी मी सगळ्या बायकांचे आवाज बंद करून टाकले. काय शांतता झाली! मी स्वतःवरच खूश. पुढच्या बुधवारी एकही बाई आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांची पुढारी सेल्वी हिने अक्कांना ऐकवलं, “आम्हाला बोलवायचं आणि आमचीच तोंडं बांधायची?” ज्या बायका बाजारात आवाजावर मासळी विकतात, त्यांच्यासाठी याहून मोठा अपमान नव्हता. तिकडून हेन्रिकची मेल आली की बायकांनाच रस नसेल तर महिनाअखेर काम थांबवावं लागेल.

अक्कांनी मला फोन केला. आवाज चढला नाही. “चूक तुझी, मग माफी तूंच मागायची. सगळ्यांपुढें.”

“परदेशी लोकांसमोर?” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

“त्येंच्यापुढेंच तर अपमान झाला की!”

मंगळवारी त्यांनी अठराही जणींना एकेक फोन केला. प्रकल्पाचं नाव नाही. जेवलीस का, सून बरी आहे का, नवऱ्याचा खोकला गेला का. आधी पोटोबा, मग विठोबा, डेन्मार्क त्याच्याही नंतर. बुधवारी सगळ्या हजर! मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये माफी मागितली. तमिळ ऐकून त्या इतक्या हसल्या, की माफी तिथेच मिळाली.

मग अक्का मला म्हणाल्या, “आतां त्येंचा आवाज बंद कर. अर्धा तास.” मी बिचकत डेन्मार्कवाल्यांचे आवाज बंद केले. बायका नेहमीसारख्या एकदम बोलायला लागल्या आणि अक्का त्यातून एकेक धागा सोडवून इंग्रजीत सांगू लागल्या. यंत्रातल्या जाळ्यांची भोकं मोठी होती. नेत्तिलीसारखी बारीक मासळी सुकली की खाली पडायची, म्हणून बायका पुन्हा वाळूवरच सुकवत होत्या. वर्षभराच्या एकाही अहवालात हे आलं नव्हतं. ते अहवाल मीच लिहीत होते.

टाळेबंदी उठल्यावर चेन्नईच्या जॉर्ज टाउन बाजारातून बारीक जाळी आणली. यंत्रं चालली, डेन्मार्कचं काम टिकलं, पुढे आणखी दोन गावांत गेलं. श्रेय कुणी दिलं तर अक्का म्हणायच्या, “मी काय केलें? पुसलें, येवढेंच.” पण असं विचारायला माणसाजवळ किती धीर लागतो, हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं. पाहुणे येऊ लागले तरी बुधवारची बैठक चालू राहिली आणि त्यांचे मंगळवारचे फोन कधी चुकले नाहीत.

त्यांच्यामागे बायकांना बोलावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ग्रुपवर वेळ आणि विषय टाकून मोकळी झाले. बुधवारी तिघीच आल्या. शहाणपण मला नेहमी उशिराच येतं! पुढच्या मंगळवारी दुपारी फोन घेऊन बसले. पहिला सेल्वीला. उद्याच्या बैठकीचं सांगायला लागले, तर तिने “बघू” म्हणून टाळलं. मग मला सुचलं. विचारलं, “साप्टिया? जेवलीस का?”

“नाही,” ती म्हणाली. “मंगळवारी अक्का ओरडल्या की मगच मी जेवायला बसायचे. आता तू ओरड.”

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.