इंग्रजी पिक्चरमधला मामा

ज्याला मी इतका वेळ नायिकेचा मामा म्हणून सांगत होते, त्यानं टीव्हीवर भर जिन्यात तिचं चुंबन घेतलं.

शेजारी पुण्याहून आलेल्या आजी बसल्या होत्या. माझ्या नातीला, मीराला, नातसून करून घ्यायचं की नाही हे त्यांच्या शब्दावर होतं. मीरा आणि त्यांचा नातू एकाच ऑफिसात; त्या दोघांचं ठरलेलंच होतं. पण आजींनी "बघू" म्हटलं होतं, आणि पुण्याचं "बघू" म्हणजे आमच्या कन्नड मुलखातलं "नाही".

मुलं हा जुना, नाचगाण्यांचा, काळा-पांढरा अमेरिकन पिक्चर लावून जेवण आणायला जयनगरात गेली. आजींनी विचारलं, काय बोलतायत हो हे? मला इंग्रजी येत नाही, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण पुण्याच्या बाईपुढं? मी चौथी पास, तीही कन्नड शाळेत. तरी सांगायला बसले.

पिक्चर गरिबाचा होता. जिना एकच, तो कधी हॉटेलात, कधी जहाजात. चंद्र रंगवलेला, त्यालाही सुरकुती! एक माणूस बॅग घेऊन आला, मुलीला रागावला, मग तिला टोपी घेऊन दिली. असं मामाशिवाय कोण करतं? केला मी त्याला मामा. मिशीवाल्या श्रीमंताला नवरदेव केलं. गाणं फारच लांबलं तेव्हा म्हटलं, ती गॅस संपल्याचं सांगतेय. (मागं ओळीनं मुली नाचत होत्या. ते वऱ्हाड.) आजी मान डोलवत होत्या, माझा धीर वाढत होता.

आणि मग ते चुंबन.

"अहो, हा मामा ना?" आजी म्हणाल्या.

मागं हटणं माझ्या स्वभावात नाही. "मामाच. स्वल्प पुढं बघा, त्याच्याशीच लग्न ठरलं तिचं."

"सख्ख्या मामाशी? आमच्यात मामा मुलीला बोहल्यावर घेऊन येतो."

"आमच्यातही घेऊन येतो," मी म्हटलं. "आणि मग तिथंच उभा राहतो."

बोलून गेले आणि कळलं, पिक्चरमधून मी आमच्या घरात शिरले होते. आजींनी टीव्हीकडं पाठ केली. तुमच्या घरात असं कुणी केलंय का, म्हणून विचारलं. खोटं बोलायचं तर आणखी एक पिक्चर रचावा लागला असता. कोपऱ्यात आरामखुर्चीत आमचे हे घोरत होते. मी बोट दाखवलं.

"हे काय. माझ्या आईचा धाकटा भाऊ."

मीराचं लग्न मोडलं असं मी धरूनच चालले. आजींनी ह्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"मग हाक काय मारता?"

"लग्नाआधी मामा म्हणायची. नंतर काही म्हणावंसं वाटलंच नाही."

आजी पदर तोंडाला लावून अशा हसल्या की सोफा हलला. मग मीराला मामा किती, विचारलं. एकच, येलहंक्याला, आणि त्याची बायको त्याला भाजीलाही एकटं सोडत नाही, असं सांगितलं.

"मग हरकत नाही," त्या म्हणाल्या.

मुलं आली तोवर पिक्चर संपला होता. कळला का, म्हणून मीरानं विचारलं. तुझ्या आजीनं शब्दन्‌शब्द सांगितला, असं आजी म्हणाल्या, आणि मीरा माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

तो पिक्चर सोसला तो आम्ही दोघींनी. मामा शेवटपर्यंत झोपून होते.