भंगारवाल्याच्या काट्यावर उतरलेले नऊ किलो

भंगारवाल्याच्या काट्यावर मी एका महिन्यात नऊ किलोनं उतरले. त्याच महिन्यात आमच्या घरातनं एक बादली, दोन कढया, एक पितळी स्टोव्ह आणि ह्यांच्या सायकलचं पुढचं चाकही उतरलं. पण ते ह्यांना मागाहून कळलं.

सगळं सुरू झालं ते आत्याबाईंच्या म्हशीपासून. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गारगोटीजवळच्या आमच्या गावी राहायच्या. आम्ही दोघं कोल्हापुरात, कारण हे इथल्या एका फौंड्रीत फिटर होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मला टायफॉईड झाला. तेव्हा आत्याबाईंनी गावच्या देवीला नवस बोलला, 'सून बरी होऊ दे, तिच्या वजनाइतका गूळ तुझ्यापुढं तोलून गावाला वाटीन.' तेव्हा मी चाळीस किलोची होते. देवीनं तिचं काम लगेच केलं. आम्ही मात्र आज फेडू, उद्या फेडू करत सात वर्षं घालवली. आणि ती सात वर्षं मी काही उपाशी बसले नव्हते!

मग एका दसऱ्याला आत्याबाईंची म्हस अचानक आटली. जनावरांचा डॉक्टर आला, सुई टोचून गेला, म्हस तशीच. आत्याबाई एसटीत बसून थेट कोल्हापुरात आल्या. चहासुद्धा घेतला नाही.

"शालन, देवी कोपलीय. दिवाळीनंतर जत्रा हाय, तवा तुला तोलायची."

"आत्याबाई, घरातल्या घरात तोललं तर..."

"देवी काय तुझ्या सैपाकघरात येणार हाय व्हय? देवळाम्होरं, वडाला ताजवा बांधून. समद्या गावासमोर!"

मला घाम फुटला. मी म्हणजे घरी पाहुणे आले तर दाराआडनं पाण्याचा तांब्या पुढं करणारी बाई. (तांब्या दिसतो, मी दिसत नाही, असा माझा हिशेब. अलीकडं मी दाराच्या दोन्ही बाजूंनी दिसत होते, ही गोष्ट वेगळी.) अशी मी वडाच्या झाडाला टांगलेल्या पारड्यात बसणार! समोरच्या पारड्यात गुळाची एकेक ढेप चढणार आणि अख्खं गाव मोठ्यानं मोजणार! दीड महिना हातात होता. मी ठरवलं, मरमर मरायचं, पण बारीक व्हायचं.

बारीक व्हायला आधी आपण जाड किती आहोत ते कळायला पाहिजे. शेजारच्या शेवंताक्का म्हणाल्या, "चल, मी येतो संगं."

सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. तिथला काटा हलणाऱ्या फरशीवर ठेवलेला. डावीकडं झुकलं की बहात्तर, उजवीकडं झुकलं की शहात्तर.

"मधी उभी ऱ्हा," शेवंताक्का म्हणाल्या. मधे चौऱ्याहत्तर.

"ह्यो काटा बरा न्हाय," असं त्यांनी डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं आणि मला रेशनच्या दुकानात नेलं. तिथं पोत्यांच्या काट्यावर मी एकोणऐंशी! अर्ध्या तासात पाच किलो वाढले, तेही नुसतं चालून! मी रडायच्या बेतात आले.

"अगं, त्येचा काटा जास्तच दाखवतोय," शेवंताक्का कानात बोलल्या. "म्हणून तर आपल्या पिशवीत गहू कमी येतोय."

राहिला कोपऱ्यावरचा भंगारवाला. त्याच्याकडं लोखंड तोलायचा मोठा काटा होता. पण 'मला तोला' असं परक्या माणसाला कसं सांगायचं? म्हणून मी घरातली एक फुटकी बादली आणली आणि ती कवटाळून काट्यावर उभी राहिले.

"आक्का, बादली खाली ठेवा की. एकटी रडती काय ती?"

"तिला कडी न्हाय, लवंडती," शेवंताक्कांनी ठोकून दिलं. "दोघींचं वजन कर आनि हिचं वजा कर."

त्यानं दोनदा तोललं. बादली एक किलो, मी सत्तर! सकाळी एकोणऐंशी असलेली बाई दुपारी सत्तर! मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

आता खरं सांगते. त्याचा काटा कमी दाखवतो, आणि माल जितका चांगला तितका आणखीच कमी दाखवतो, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्याच्या नावानं सगळ्या बायका बोटं मोडायच्या. मीही मोडायचे. पण लोखंडाच्या बाबतीत तो चोर. माझ्या बाबतीत मला तो देवमाणूस वाटला.

पहिला आठवडा मी नुसत्या भाकरीवर आणि मेथीच्या भाजीवर काढला. दर सोमवारी तोलायला जायचं, तर हातात काहीतरी पाहिजेच. दुसऱ्या सोमवारी एक कढई नेली. सदुसष्ट! तीन किलो उतरले, म्हणून शेवंताक्कांनी मला लोणी डोसा खाऊ घातला. तिसऱ्या सोमवारी दुसरी कढई आणि स्टोव्ह. चौसष्ट! म्हणून दोन डोसे. मग दिवाळी आली. चकल्या, करंज्या, लाडू, सगळं पोटभर खाल्लं आणि भीत भीत सायकलचं चाक घेऊन गेले. (ह्यांनी ते पंक्चर काढायला सोडवून भिंतीला टेकवलेलं. मला वाटलं जुनं आहे.) एकसष्ट!

मी चकलीकडं आदरानं बघायला लागले. भाजणीत काहीतरी औषधी असणार.

एकच गोष्ट कळेना. झंपर अंगात शिरेनात.

"धुवून आटलं असतील," शेवंताक्का म्हणाल्या. मला पटलं. माणसाला जे पाहिजे ते किती पटकन पटतं!

घरात वेगळीच शोधाशोध चालली होती.

"माझं चाक कुठं गेलं?"

"इथंच असेल की."

"चाक हाय ते, सुई न्हवं! आनि स्टोव्ह?"

"आत्याबाईंनी नेला असेल गावाला," मी दाराआडनं म्हणाले.

जत्रेच्या आधी आत्याबाईंचा निरोप आला, 'गुऱ्हाळात गूळ सांगायचा हाय, वजन कळव.' ह्यांनी मला विचारलं. मी मान खाली घालून, पण मनातनं उड्या मारत सांगितलं, "एकसष्ट." ह्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. नंतरही त्यांनी दोनदा वळून बघितलं.

जत्रेदिवशी देवळापुढं ही गर्दी! वडाच्या फांदीला ताजवा टांगलेला. दोन फळ्या, चार-चार साखळ्या. दहा-दहा किलोच्या सहा ढेपा आणि एक छोटी एक किलोची, अशी मांडून आत्याबाई बायकांना सांगत होत्या, "शेराची हवा मानवलीय बगा. माझी सून मोजून एकसष्ट!"

मी देवीला हात जोडले आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढून पारड्यात बसले. पारडं जमिनीला टेकलं. समोर ढेपा चढायला लागल्या. गुरवमामा ओरडायचे आणि गाव मागनं ओरडायचं. धा! ईस! तीस! चाळीस! पन्नास! साठ! मग छोटी ढेप. एकसष्ट!

माझं पारडं हललं नाही. म्हणजे जरासुद्धा नाही. खाली मुंगी असती तर ती निवांत झोपली असती.

"काटा आडकला असंल," गुरवमामा म्हणाले. मला केवढा आधार वाटला! मी ह्यांच्याकडं आशेनं बघितलं. हे फिटर. हे स्टुलावर चढले, दांडी हलवून बघितली, खिळा चाचपला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"काट्यात काय खोट न्हाय! एकदम बरोबर हाय!"

आठ-नऊ वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस, आणि बाजू काट्याची घेतली!

मी उठायला गेले, तर आत्याबाई गरजल्या, "हलायचं न्हाय! आर्ध्यात उठलीस तर म्हस गेली म्हणून समज!"

"दगड ठिवूया काय एखादा?" कुणीतरी मागनं विचारलं.

"देवीला काय दगडाचा नवस बोललीया मी? गूळच पायजे!"

मग गाव घरोघर पळालं. पाटलांच्या घरनं पाच किलो आले. सहासष्ट! मी श्वास रोखून धरला. (श्वास रोखला की माणूस हलका होतो, असं मला तेव्हा वाटलं. होत नाही.) तिघी बायकांनी आपापल्या डब्यातला एकेक किलो आणून ठेवला. एकोणसत्तर! पारडं थंड. एक म्हातारी जवळ येऊन माझ्या पदरात डोकावली आणि तिनं विचारलं, "पोरी, पदरात काय बांधून आलीयास?"

शेवटी एका लग्नघरातनं दहाची आख्खी ढेप आली. ती ठेवली आणि मी अशी काही वर उचलले गेले, की पाय हवेत आणि पदर खांद्यावर! एकोणऐंशी! टाळ्याच टाळ्या. आत्याबाईंनी वर बघितलं, विचार केला आणि एक किलोची ढेप काढली. पारडी समान झाली.

"आठ्ठ्याहत्तर!" गाव एका सुरात ओरडलं.

महिनाभर राबून मी दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा चार किलोनं वाढले होते! मी अजून हवेतच होते, तेवढ्यात 'परसाद, परसाद' करत बायका समोरच्या पारड्यावर तुटून पडल्या. दोन ढेपा निघाल्या आणि मी धप्पकन खाली आदळले. एवढी धूळ उडाली, की पुढच्या रांगेतल्यांनी नाकाला पदर लावले.

हे धावत आले. "लागलं काय?"

मी धुळीत तशीच बसून राहिले. आत्याबाई आल्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी ढेपेचा एक खडा मोडून माझ्यापुढं धरला.

"घे. त्वांड ग्वाड कर. नवस फिटला."

सवयीनं मी आडोसा शोधायला लागले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. अख्खं गाव टक लावून बघत होतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या आकड्यासाठी महिनाभर जीव टांगणीला लागला होता, तो आता ह्या गावातल्या तान्ह्या पोराला सोडून सगळ्यांना पाठ झाला होता. आता लपवायचं काय आणि कुणापासून?

मी पदर डोक्यावरनं मागं टाकला, खडा हातावर घेऊन बघितला आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत घसा मोकळा करून म्हणाले,

"आत्याबाई, आठ्ठ्याहत्तर किलोला एवढ्यानं काय व्हतंय? मोठा द्या की!"