आत्या, लिला चिवडा आणि विजेची गाडी

चहा आधी संपवा आणि मगच ऐका, कारण हा किस्सा मी सांगायला लागलो की कपातला चहा हमखास थंड होतो. माझी अशी काही फजिती झालीय, की रावपुऱ्यातली आमची अख्खी बिल्डिंग अजूनही मला बघून आधी हसते आणि मग 'केम छो' म्हणते.

शाळा संपताच मी जर्मनीला मावशीकडे शिकायला गेलो, आणि बडोद्याला परतलो तो थेट देश सुधारायला. देश पडला मोठा, म्हणून सुरुवात घरापासून केली. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वेगळ्या बादल्या, नळाला बारीक धार, आणि झोपण्याआधी घरभर फिरून सगळी बटणं बंद! एखादं बटण चालू दिसलं, की मला लांब कुठेतरी वीजकेंद्राच्या धुराड्यातून धूर निघताना दिसायचा. आई मागून ओरडायची, "अरे, फ्रिज तेवढा सोड!"

अशात बाबांनी गाडी घ्यायचं काढलं. कॉलेजातून निवृत्त झाले होते, स्कूटर झेपत नव्हती. मग काय विचारता!

"घ्यायची तर विजेची," मी जाहीर केलं. तेव्हा आपल्याकडे विजेची म्हणजे एक इवलीशी गाडी मिळायची. हायब्रिड मी फक्त तिकडे पाहिली होती.

"हायब्रिड म्हणजे काय रे?" बाबांनी विचारलं.

"पेट्रोलचं इंजिनही आणि विजेची मोटरही. ब्रेक लावला की बॅटरी थोडी भरते, बाकीची इंजिन भरतं, भिंतीत प्लग लावावा लागत नाही. म्हणजे शेवटी पेट्रोलच! तडजोड आहे ती, बाबा."

"आणि ही तुझी?"

"ही शुद्ध! घरी प्लग लावायचा, की झालं."

"एकदा भरली की किती लांब जाते? बॅटरी किती वर्षं टिकते? आपण दुसऱ्या मजल्यावर, गाडी खाली. प्लग लावायचा कुठे?"

आता बघा, किती नेमके प्रश्न! गाडी घेण्याआधी शहाण्या माणसाने विचारावेत तेच. पण मी पृथ्वीबद्दल बोलत होतो आणि आमचे वडील प्लगबद्दल. मला त्यांची कीव आली. खालच्या मजल्यावरच्या किरीटभाईंची तर त्याहून जास्त. ते म्हणाले, "ए बधुं ठीक, पण एव्हरेज केटली आपे?" म्हणजे लिटरला किती पळते! वीज काय लिटरवर मोजतात?

ओळखीच्या एका विक्रेत्याने आठवडाभर वापरून बघायला गाडी दिली. आईने वायरमन बोलावून पार्किंगमध्ये प्लग बसवून घेतला. त्या वेळी मी जिन्यात उभा राहून शेजाऱ्यांना हवामानबदल समजावत होतो.

बाबांनी एकच अट घातली. आत्या तेव्हा आमच्याकडे आली होती. तिच्या लेकाने तिला मुंबईला परत यायला विमानाचं तिकीट पाठवलं होतं. जन्मात पहिलं विमान! "शनिवारी ताईला हरणीला विमानतळावर वेळेत पोचव," बाबा म्हणाले, "मग संध्याकाळी गाडी बुक करतो."

झालं! पृथ्वीचं भवितव्य आत्याच्या विमानाला टांगलं गेलं.

पहिल्या दिवशी गाडी कशी पळाली म्हणून सांगू! ना आवाज, ना धूर. दुसऱ्या दिवशी बॅटरीचा काटा जरा खाली. तिसऱ्या दिवशी आणखी खाली.

"रोज रात्री प्लग लावतोस ना?" बाबा.

"स्वतःच्या हाताने! नवी बॅटरी आहे, बाबा. तिला रुळायला वेळ लागतो."

हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण तिकडून शिकून आलेल्या माणसाने 'माहीत नाही' म्हणायचं कसं?

मग मी काटकसर सुरू केली. एसी बंद. रेडिओ बंद. हॉर्नलाही वीज लागते, म्हणून मी खिडकीतून डोकं काढून "बाजूला व्हा, बाजूला व्हा" असं ओरडत मांडवीच्या भरबाजारातून गाडी काढली! लोकांना वाटलं, कुणाची तरी मिरवणूक येतेय.

शनिवारी सकाळी आत्या पुढे बसली. बाबांनी स्वतःची घडी करून मागच्या सीटवर ठेवली. तेवढ्यात माझी नजर आत्याच्या पिशवीवर गेली.

"आत्या, यात काय आहे?"

"लिला चिवडा, इथला तो बटाट्याचा ओला. लेकाला आवडतो."

"वजन फार होतंय. उतरवूया?"

"मला उतरव," आत्या म्हणाली, "चिवडा जाईल विमानाने."

हरणी रोडला लागलो आणि गाडी दमली. आधी सायकलवाला पुढे गेला, मग भाजीची हातगाडी. आणि मग गाडी रस्त्याच्या कडेला अशी शांत उभी राहिली, की थांबलीय हेसुद्धा आधी कळलं नाही.

मागून स्कूटरवर नेमके किरीटभाई! "शुं थयुं? धक्को मारूं?"

बाबांनी रिक्षा थांबवली. आत्या आणि चिवडा आत बसले. मी काय केलं असेल? "आत्या, रिक्षा किती धूर सोडते बघ तरी!" असं म्हणालो. विमान सुटायची वेळ झालेली, आणि मी धूर दाखवतोय! आत्याने फक्त हात जोडले. ते देवाला की मला, ते अजून कळलेलं नाही.

विमान तिला मिळालं, म्हणून आमचं नातं टिकलं.

गाडी दोरीने ओढून घरी आणली. संध्याकाळी मी गंभीरपणे निकाल दिला, "तंत्रज्ञान अजून कच्चं आहे, बाबा. गाडीतच दोष आहे. आपण हायब्रिडची वाट पाहू."

आई चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "एक विचारू? पॅसेजमधलं ते नवं बटण मी रोज रात्री चालू करते, आणि तू फेरी मारून रोज बंद करतोस. ते का?"

"कुठलं बटण?"

"अरे, खालच्या प्लगचं! कुणी आपला करंट वापरू नये म्हणून वायरमनने वर बसवलंय."

जर्मनीत भिंतीतल्या प्लगला बटणच नसतं हो! खुपसलं की वीज आली. मी पाच रात्री गाडीला निष्ठेने प्लग लावला होता, आणि वर येऊन तितक्याच निष्ठेने तिची वीज वाचवली होती.

"मग तू बोलली का नाहीस?" मी कसंबसं विचारलं.

"मला वाटलं, तुझं काहीतरी शास्त्र असेल."

हे मात्र मला लागलं. महिनाभर मी इतकं बोललो होतो, की माझ्याच घरात कुणाला साधा प्रश्न विचारायला जागा उरली नव्हती.

बाबांनी चहा संपवला, विक्रेत्याला फोन लावला आणि तीच गाडी बुक केली. मला भरून आलं. म्हटलं, "बाबा, एवढं होऊनही विजेचीच?"

"गाडीचा काय दोष? तिने उपाशीपोटी पाच दिवस काढले," बाबा म्हणाले. "हायब्रिड आपल्याकडे आली की ती तू घे. तिला भिंतीत प्लग लावावा लागत नाही म्हणालास ना? मग ती शिकलेल्या माणसालाही चालवता येईल."