स्तोयानने मागितलेला चेहरा

आज इथे परदेशात, सेरंगूनच्या आमच्या इमारतीत रंगकाम चालू आहे. टर्पेंटाइनच्या वासाने जुना शेजारी स्तोयान आठवला. बल्गेरियातून आलेला हा चित्रकार तेव्हा नुकताच शिल्पांकडे वळला होता. साताऱ्याहून आलेल्या माझ्या बाबांना पाहून म्हणाला, "मला यांचा चेहरा मातीत घडवायचाय."

बाबा लाजले, पण दुसऱ्या सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. "जाऊ का रे?"

"कशाला बाबा? पुढच्या वेळी बघू," ऑफिसला निघता निघता मी म्हटलं.

ते मुकाट्याने पेपर घेऊन बसले. वर्षभरात बाबा वारलेच.

पुढे म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांच्या शिल्पांनी स्तोयानचं नाव झालं. प्रदर्शनात मला पाहून तो हळूच म्हणाला, "सुरुवात तुझ्या वडिलांपासून करायची होती."