हालला रे बाप्पा!

विहिरीच्या काठावर पालथा पडून, एक हात मागे हलवत गावाचा काका ओरडायचा, "हालला रे बाप्पा, हालला! ओढा!" आमच्या किन्हीराजा गावात तेव्हा विहिरीत जनावर पडलं की आधी त्यालाच बोलावणं जायचं. दोर ओढायचो आम्ही आठ जण. त्यानं जन्मात दोराला हात लावला नाही. त्याचं काम एकच, खाली पाहायचं आणि बोंबलायचं.

मोटेच्या उतारावर विहिरीकडे पाठ करून आम्ही ओढत असू. खाली काय चाललंय ते फक्त त्यालाच दिसायचं, आणि हा गडी बिनदिक्कत खोटं बोलायचा! एकदा तर खाली उतरलेल्या माणसानं म्हशीला दोर बांधायच्या आधीच हा "हालला" म्हणून मोकळा. आम्ही जीव खाऊन ओढलं आणि आठही जण तोंडावर पडलो. उठून शिव्या दिल्या, तर म्हणतो कसा, "दोर तं हालला ना?"

तरी मंडळी, तो नसला की जनावर वर येत नसे. खोटं बोलतोय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण शेजारच्याला ते खरं वाटतंय, असंही प्रत्येकाला वाटायचं. मग सगळ्यांचा जोर एकदम लागायचा.

एके सकाळी त्याचाच ढवळ्या विहिरीत पडला. आई मेलेलं वासरू, यानं वाटीवाटीनं दूध पाजून वाढवलेलं. आम्ही दोर ताणला. काठावरून आवाजच नाही.

"काका, हालला काय?"

"नाही रे," तो रडत म्हणाला. "काहीच नाही हालून राह्यला. बुडून राह्यला तो."

झालं! आठ जणांचे हात तिथंच ढिले पडले.

तेवढ्यात त्याची बायको आली. "सरका तिकडं!" त्याला ढकलून ती काठावर वाकली. "आला रे पोट्टेहो, आला! पाठ दिसली! काहून थांबले? ओढा!"

आम्ही पुन्हा जोर लावला. पाहतो तर हा माझ्या मागे दोराला लोंबकळलेला!

"खरंच दिसली काय रे पाठ?"

"तुमची बायको सांगून राह्यली ना!"

"माही बायको खोटं नाही बोलत," असं म्हणून डोळे मिटून तो ओढायला लागला.

ढवळ्या वर आला. आम्ही दोर सोडून धापा टाकत बसलो. हा मात्र डोळे मिटून, मुठी आवळून तसाच. "आला, काका, आला!" आम्ही घसा फोडून सांगत होतो, पण त्याचा आमच्यावर विश्वास बसेना. शेवटी ढवळ्याच लटपटत त्याच्याजवळ गेला आणि त्याचं टक्कल चाटू लागला.