डबा, विमान आणि टॉवेल

चनमल्लप्पा म्हणजे सोलापुरातल्या सात रस्त्यावरच्या गुरप्पा कापडवाल्याचा थोरला. चौऱ्याहत्तर साली या पठ्ठ्याच्या डोक्यात विमान शिरलं. गुरप्पानं एका हिवाळ्याची मुभा दिली. तेवढ्यात एकट्यानं विमान उडवलं तर ठीक, नाहीतर जन्मभर दुकानाची गादी. आणि गादीचं नाव काढलं की चनमल्लप्पा मागच्या दारानं पसार व्हायचा.

फ्लाइंग क्लबात एक जुना लाकडी डबा होता. आत बसून झाकण लावायचं, समोर तबकड्यांवरचे काटे, हातात दांडा. जमिनीवर बसल्या बसल्या उडायची शिकवणी! डब्यात चनमल्लप्पाचा हात धरणारा कुणी नव्हता. काटा केसभर हलू देईल तर शपथ! गडी मिशीला पीळ देत हिंडायचा.

पण खऱ्या विमानात? अहो, तिथं सगळा आनंदीआनंद! नजर काट्यांना चिकटलेली, आणि वारा कडेनं ढकलतोय याचा पत्ताच नाही. उतरताना विमान बेडकासारखं टुणटुण उड्या मारायचं.

हिवाळा सरला. शेवटच्या दिवशी शिकवणारे शेखलाल मास्तर खवळले.

"डब्यात वारा असतोय व्हय रं? हितं लई हाय! भाईर बघ की!"

उडत्या विमानात त्यांनी चनमल्लप्पाच्या खांद्यावरचा सोलापुरी टॉवेल ओढला आणि सगळ्या काट्यांवर पसरून टाकला.

चनमल्लप्पापुढं आता बघायला काटेच उरले नाहीत. झक मारत त्यानं मान वर केली. खाली गिरणीच्या धुराड्याचा धूर आडवा झाला होता. वारा असा दिसतो तर! विमान एका अंगाला सरकतंय हे बुडालाही कळलं, बैलगाडीत कळतं तसं. त्यानं विमान वाऱ्याच्या अंगाला झुकवून सावरलं आणि अल्लाद टेकवलं.

"शाब्बास! टॉवेल काढ नि एकटा जा," म्हणत मास्तर उतरले.

मास्तरांचं वजन नाही म्हटल्यावर विमान झटकन वर गेलं. हे डब्यानं कधी सांगितलं नव्हतं! आनंदाच्या भरात चनमल्लप्पा एकटाच कानडीत ओरडत सुटला. एक फेरी मारून तो उतरला, आणि विमानानं एकसुद्धा उडी मारली नाही.

मास्तर धावत आले, आत डोकावले आणि थबकले. काट्यांवर टॉवेल जसाच्या तसा होता.

"अरं लेका, ह्यो काढला न्हाईस?"

"इसरलो की, मास्तर!"

कुंपणापाशी उभा असलेला गुरप्पा पुढं आला. लेकाकडं बघून त्याचे डोळे भरले होते, पण बोलला तो मास्तरांशी.

"टॉवेल दुकानातला हाय, त्यो परत द्या. पोरगं ठेवा तुमाला."