यंदा नोकरी सोडणार!

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. महाडच्या एमआयडीसीतल्या एकाच केमिकल कंपनीत, कॅन्टीनच्या एकाच टेबलावर वीस वर्षं चहा प्या, आपोआप साचतात. आमच्या टेबलावर आम्ही चौघं. चौघांनीही पंचेचाळिशी ओलांडलेली, आणि चौघंही 'यंदा नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी' करणार आहोत. हे 'यंदा' करोनाच्या आधीपासून चालू आहे!

*

स्टोअरच्या कदमांना गाईड व्हायचं होतं. एका रविवारी ते हिरकणीवाडीत जाऊन उभे राहिले, पुण्याचं एक कुटुंब गाठलं आणि रोपवेनं थेट रायगडावर. मी मागोमाग, गंमत बघायला.

माणसाचा आवाज खणखणीत, पाठांतरही बरं. पण इतक्या वर्षांचं स्टोअर तोंडातून जातंय कुठे? "हा मेणा दरवाजा, एक नग. हे राणीमहाल, सहा नग." लोक हसत होते, कदमांना वाटलं रंगात आलेत. बाजारपेठेशी पोचेपर्यंत पाठ केलेलं सगळं संपलं. तेवढ्यात पुणेकर बाईंनी विचारलं, "आणि याच्या पुढे काय आहे?"

कदम गडबडले आणि सवयीनं बोलून गेले, "पुढचा माल अजून आलेला नाही!"

*

लॅबच्या वैद्य मॅडमनी लोणच्याचा घरगुती धंदा काढायचं ठरवलं. पहिल्या घाण्याला त्यांनी बॅच नंबर दिला. मग सकाळी एक सॅम्पल, दुपारी एक सॅम्पल, एक बाटली जपून ठेवायची, एक शेजारच्या काकूंकडे 'क्रॉस चेक'ला. विकायला उरल्या दोन बाटल्या!

त्यातली एक आम्ही विकत घेणार म्हणून हौसेनं विचारलं, "मॅडम, चव कशी झालीय?"

मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "पास."

*

आता माझं. दुसऱ्यांवर हसून झालं की आपलंही सांगावं. मी गावातल्या हॉलमध्ये 'पन्नाशीपूर्वी नवी झेप' या शिबिराला गेलो होतो. सूट घातलेला वक्ता गरजत होता, "भीती सोडा! बॉसच्या तोंडावर सांगा, मी चाललो!" आमच्या अंगावर काटा.

इतक्यात त्याचा फोन वाजला. तो पडद्यामागे गेला, पण कॉलरला लावलेला माईक चालूच होता. "नाही साहेब, ताप उतरलाय थोडा... हो हो, उद्या नक्की ड्युटीवर येतो."

तो परत आला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसला मीही वेळेवर हजर होतो.

*

चौथे मोरे, आमचे बॉयलरवाले. गाव पोलादपूरच्या वरचं कुडपण. हे महाडात खोली घेऊन राहतात, शनिवारी गावी जातात. वर सुनंदावहिनी शेती, म्हैस आणि सासूबाई एकटीनं सांभाळतात, वीस वर्षं झाली. मोऱ्यांना तिथे पर्यटकांसाठी फार्मस्टे काढायचा होता. प्लॅन एकदम तयार! "जेवन सुनंदा करील, खोल्या सुनंदा झाडील. मी म्यानेजमेंट बघीन." आम्ही चहा पीत माना डोलावल्या, याची आज लाज वाटते.

शेवटी गावच्या देवीला कौल लावायचं ठरलं. मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओली फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही तिघं सोबतीला गेलो, वहिनीही आल्या.

गुरवानं हाक घातली, "आई, तुजं लेकरू नोकरी सोडून घरी येतो म्हंतंय. येऊ दे का?"

उजवं फूल टपकन पडलं.

मोऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. आपल्याला डावं हवं होतं, हे त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं असावं. "फुलं लई ओली झाली," ते पुटपुटले. "पुन्ना लावा."

पुन्हा लावली. पुन्हा उजवं! मोऱ्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तसा गुरव डाफरला, "देवी हाय रे ती, बॉयलर नाय, सारखं सारखं चेक कराया!"

मोऱ्यांनी मुकाट्यानं हात जोडले आणि बायकोकडे वळले. "आयकलंस गो? येतो मी घरी. कायमचा."

वहिनी खांबाशी उभ्या होत्या. त्या पदर खोचून पुढे आल्या. "भाऊ, फुलं लावा परत. माजं पन एक इचारायचं हाय."

गुरवानं फुलं लावली. वहिनींनी डोळे मिटले.

"आई, हे घरी आले का ह्यांची म्हाडची खोली रिकामी हुईल. मी जाऊ का तितं ऱ्हायला?"

गुरवाचा हात अजून मागे यायचा होता, तोच उजवं फूल पडलं!